लेबलावरचा इतिहास : प्लोव्दिव शहर आणि माव्रुद

बल्गेरियन भाषेत जुन्या वळणाच्या मद्यालयाला 'मेहाना' म्हणतात. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला जे आठवेल ते बरोबरच आहे. फारसीत 'मै' म्हणजे मद्य आणि 'खाना' म्हणजे घर. उर्दू गझलेने आपल्याला 'मैखाना' दिला, आणि तोच शब्द ऑटोमन तुर्कीच्या वाटेने बाल्कन प्रदेशात जाऊन 'मेहाना' झाला. आपले कारखाने, दवाखाने आणि तोफखाने यांचे हे दूरचे भावंड. तेथील घराघरांत गाळली जाणारी फळांची दारू 'रकिया'. तिचे मूळ अरबी 'अरक', म्हणजे आपला 'अर्क'. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला शब्दांच्या या प्रवासाचे नवल वाटत नाही. नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. ज्या साम्राज्याच्या धर्माला मद्य निषिद्ध होते, त्याच्याच भाषेने बल्गेरियाला मद्यालयाचे नाव दिले. आणि आज प्लोव्दिवच्या वाइनबारमध्ये बसून बाटल्यांवरचे मजकूर वाचावेत तर त्या साम्राज्याची पाच शतके तेथून साफ पुसलेली दिसतात. या लेखात आम्ही प्रामुख्याने या पुसलेल्या जागांविषयी बोलणार आहोत.

प्लोव्दिव हे बल्गेरियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. मारित्सा नदीच्या काठी, थ्रेसच्या सपाट मैदानात उभ्या असलेल्या काही टेकड्यांवर ते वसले आहे. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, इ. स. पूर्व ३४२ मध्ये ते जिंकले आणि त्याचे नाव फिलिप्पोपोलिस पडले. रोमनांनी तीन टेकड्यांवरून त्याला त्रिमोंतियुम म्हटले, तुर्कांनी फिलिबे. टेकडीच्या उतारावरील रोमन रंगमंडल १९७० च्या दशकात उत्खननातून वर आले आणि आता तेथे पुन्हा प्रयोग होतात. मारित्सेचे प्राचीन नाव हेब्रोस. ऑर्फियसचे छिन्न मस्तक गात गात ज्या नदीतून वाहत गेले, ती हीच. आम्ही तेथे गेलो ते हे रंगमंडल आणि इवान वाझोव या कादंबरीकाराच्या वास्तव्याच्या खुणा पाहण्यासाठी. परंतु चारपाच दिवसांत आम्हांला सर्वांत अधिक वाचनीय वाटले ते तेथील वाइनचे साहित्य. 'साहित्य' हा शब्द येथे आम्ही दोन्ही अर्थांनी वापरीत आहोत.

(आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात बहुधा वाइन सोडून बाकी सर्व मिळते. प्लोव्दिवमध्ये फिरताना हा अर्थ आधी डोक्यातून काढून टाकावा लागतो.)

शहराच्या जुन्या बाजारपेठेचा भाग 'कापाना' या नावाने ओळखला जातो. कापाना म्हणजे सापळा. एकमेकांत गुंतलेल्या अरुंद गल्ल्यांत शिरलेला माणूस सहजी बाहेर पडत नाही, म्हणून हे नाव. लोहार, सोनार, कातडी पांघरुणे शिवणारे, जाड लोकरी कापड विणणारे अशा कारागिरांच्या नावांनी येथील गल्ल्या ओळखल्या जात आणि त्यांतील काही नावे आजही पाट्यांवर आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा भाग हळूहळू ओस पडला. पुढे २०१९ साठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून प्लोव्दिवची निवड झाली, तेव्हा कापानाचे 'सर्जनशील वस्ती' म्हणून पुनरुज्जीवन करण्यात आले. कारागीर परतले नाहीत. त्यांच्या गाळ्यांत चित्रकार, छपाई करणारे, कॉफी भाजणारे आणि वाइन विकणारे आले. संध्याकाळी गल्लीत खुर्च्या मांडल्या जातात आणि ग्राहक तासन् तास एका प्याल्यावर बसून राहतात. याला तेथे खास शब्द आहे : 'ऐल्याक'. तोही तुर्कीतून आलेला. निवांतपणा, रिकामपण, घाई न करण्याचा जणू हक्कच, असे काहीसे त्याचे अर्थ. प्लोव्दिवकरांना त्याचा अभिमान आहे, आणि बाकीच्या बल्गेरियाला त्याची थट्टा करायला आवडते. पुण्याविषयी उर्वरित महाराष्ट्र जसे बोलतो, तशातलाच हा प्रकार असावा.

या बारमध्ये यादी हातात घेतली की पहिल्या पानावर माव्रुद, रुबीन, पामीद, दिम्यात ही स्थानिक द्राक्षांची नावे दिसतात. पूर्वी अशा याद्यांत कॅबरने आणि मर्लो यांना पहिला मान होता. आता स्थानिकपणाला भाव आहे. बाटली उलटी करून मागचे लेबल वाचले की तीन-चार ओळींत इतिहास सांगितलेला असतो : थ्रेशियन लोक हजारो वर्षांपूर्वी येथे वाइन करीत, डायोनायससची पूजा करीत, आणि आम्ही त्यांचाच वारसा चालवीत आहोत. झेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ मध्ये मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा संहितेच्या उंबरठ्यावरील मजकुराचा स्वतंत्र विचार केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. वाइनचे लेबल हाही असाच उंबरठा आहे. आत जाण्यापूर्वीच ते आपल्याला काय चाखायचे ते सांगून ठेवते.

या दाव्यात तथ्य नाही असे मुळीच नव्हे. 'इलियड'च्या नवव्या सर्गात नेस्टर अ‍ॅगमेम्नॉनला म्हणतो की तुझे तंबू थ्रेसहून जहाजांनी रोज येणाऱ्या मद्याने भरलेले आहेत. 'ओडिसी'त सायक्लोप्सला झिंगवण्यासाठी जे मद्य कामी येते ते इस्मारोस येथील मारोन नावाच्या पुरोहिताने दिलेले. त्याच्या एका पेल्यात वीस मापे पाणी घालावे लागे इतके ते तीव्र. प्लेटोने 'लॉज'मध्ये थ्रेशियन आणि सिथियन स्त्रीपुरुष पाणी न मिसळता मद्य पितात आणि ते अंगावरच्या वस्त्रांवर सांडू देतात, असे नोंदवले आहे. सुसंस्कृत ग्रीकाने नाक मुरडावे अशी ही सवय. झेनोफनने 'अनाबासिस'च्या शेवटच्या भागात स्युथिस या थ्रेशियन सरदाराच्या मेजवानीचे वर्णन केले आहे. तेथे मद्य शिंगांतून फिरवले जाते आणि पाहुण्यांना त्याच्या बदल्यात भेटी द्याव्या लागतात. प्लोव्दिवच्या वायव्येस असलेल्या पानाग्युरिश्ते गावी ८ डिसेंबर १९४९ रोजी कौलांच्या कारखान्याजवळ माती खणणाऱ्या तीन भावांना सोन्याची नऊ पात्रे सापडली. सहा किलोंहून अधिक वजनाची ही सगळी पात्रे पानासाठी घडवलेली आहेत. त्यांतील एका कुंभाला तळाशी दोन छिद्रे आहेत. दोघांनी एकाच वेळी त्यातून पिऊन सख्याची शपथ घ्यावी, अशी ही योजना असल्याचे मानले जाते.

तेव्हा थ्रेशियन लोक पीत होते, यात शंका नाही. शंका आहे ती 'आम्ही त्यांचेच' या शब्दांविषयी. एक तर होमरचे इस्मारोस आजच्या ग्रीसच्या किनाऱ्यावर आहे. प्राचीन थ्रेस आता बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या तीन देशांत विभागला गेला आहे आणि मारोनच्या मद्यावर तिघांचाही सारखाच हक्क, किंवा कोणाचाच नाही. दुसरे असे की आज बल्गेरियन म्हणवणाऱ्या लोकांची स्लाव्ह भाषा सहाव्या-सातव्या शतकानंतर येथे आली. थ्रेशियन भाषा केव्हाच मृत झाली; तिचे काही शिलालेख आणि थोडे शब्द तेवढे उरले आहेत. अडीच हजार वर्षे अखंड वाहणारी परंपरा लेबलावर शोभते. प्रत्यक्षात जे आहे ते अनेकदा तुटलेले आणि दरवेळी वेगळ्या माणसांनी पुन्हा जोडलेले काम आहे. आम्हांला त्या जोडकामाचा इतिहास अखंडतेच्या कथेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

या दृष्टीने माव्रुदची कथा पाहण्यासारखी आहे. माव्रुद हे प्लोव्दिव परिसराचे मानाचे काळे द्राक्ष. ते उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास पिकते. वाइन गडद, आंबटसर, तुरट आणि मुरायला वेळ घेणारी होते. बारमध्ये त्याविषयी विचारले की पुढील आख्यायिका हमखास ऐकायला मिळते. नवव्या शतकाच्या आरंभी क्रूम या बल्गेरियन खानाने राज्यातील सर्व द्राक्षवेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पुढे एकदा त्याचा सिंह पिंजऱ्यातून निसटला आणि माव्रुद नावाच्या तरुणाने त्याला ठार मारले. हे बळ तुला कोठून आले, असे खानाने विचारले, तेव्हा तरुणाच्या आईने कबूल केले की तिने एक वेल लपवून जगवली होती आणि तिचीच वाइन मुलाला पाजली होती. खान प्रसन्न झाला, वेली पुन्हा लागल्या, आणि त्या द्राक्षाला तरुणाचे नाव मिळाले.

आपल्याकडील स्थळपुराणे वाचलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. आधी नाव असते, मग त्या नावाला पुरेल अशी कथा येते. क्रूमने वेली उपटवल्याची गोष्ट 'सुदा' या दहाव्या शतकातील बायझंटाइन कोशात आहे. म्हणजे क्रूमच्या मृत्यूनंतर (८१४) शतकभराहून अधिक काळ लोटल्यावर ती लिहिली गेली. अवार राज्याचा नाश कशाने झाला, असे क्रूम बंदिवानांना विचारतो. ते जी कारणे सांगतात त्यांत मद्यपानही असते. आणि म्हणून तो हा कायदा करतो. हा सगळा प्रसंग नीतिकथेच्या साच्यातला आहे. त्याच क्रूमने ८११ मध्ये बायझंटाइन सम्राट निकेफोरस याला रणात मारून त्याच्या कवटीला चांदी मढवली आणि तिचा पानपात्र म्हणून वापर केला, असे थिओफानिस हा इतिहासकार सांगतो. वेली उपटणारा आणि कवटीतून पिणारा असे दोन क्रूम शेजारीशेजारी ठेवले तर कोशकाराच्या नीतिकथेविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. शिवाय क्रूमची राजधानी प्लिस्का बाल्कन पर्वताच्या पलीकडे, दूर ईशान्येला. माव्रुदचा प्रदेश पर्वताच्या दक्षिणेला.

आणि नाव? ग्रीक भाषेत 'माव्रो' म्हणजे काळा. काळ्या द्राक्षाला ग्रीक बोलणाऱ्यांनी काळे म्हटले, एवढेच. एक साधे ग्रीक विशेषण आख्यायिकेत शिरून सिंह मारणारा बल्गेरियन वीर झाले. ही कथा प्रथम कोणी रचली हा वेगळा प्रश्न आहे, पण ती आज कोणते काम करते हे मात्र स्पष्ट दिसते : ती त्या द्राक्षाच्या नावातून ग्रीक माणसांना बाहेर काढते.

ही माणसे कोण होती? प्लोव्दिवच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर, रोदोपी पर्वताच्या पायथ्याशी असेनोवग्राद हे गाव आहे. १९३४ पर्यंत त्याचे नाव स्तानिमाका होते. माव्रुदचे खरे माहेर हे. तेथून आणखी वर गेले की १०८३ मध्ये ग्रेगरी पाकुरियानोस या बायझंटाइन सेनापतीने स्थापलेला बाचकोवो मठ लागतो; पाकुरियानोस मूळचा जॉर्जियन, मठ जॉर्जियन भिक्षूंचा, नियमावली ग्रीकमध्येही लिहिलेली. ऑर्थोडॉक्स पंथात वाइनवाचून मुख्य संस्कारच होत नाही, त्यामुळे राज्य कोणाचेही असो, मठाभोवती द्राक्षमळे लागणारच. तुर्की अमलात मुसलमानांना मद्य वर्ज्य असले तरी ख्रिस्ती प्रजेला ते करण्याची मुभा होती आणि त्यावर कर घेतला जाई. सरकारला कर हवा असेल तर वेली उपटून कसे चालेल? स्तानिमाकाचा बहुसंख्य समाज ग्रीकभाषी होता आणि द्राक्षशेती हा त्याचा मुख्य व्यवसाय होता. खुद्द प्लोव्दिवच्या व्यापारी वर्गातही ग्रीक, आर्मेनियन, यहुदी यांचे स्थान मोठे होते.

१८७८ मध्ये तुर्की सत्ता ओसरली, १८८५ मध्ये प्लोव्दिव राजधानी असलेला पूर्व रुमेलिया प्रांत बल्गेरियात विलीन झाला, आणि राष्ट्र घडवण्याच्या कामाला जोर आला. राष्ट्र घडते तेव्हा कोणी तरी परके ठरावे लागते. मॅसिडोनियावरून ग्रीस आणि बल्गेरिया यांच्यात वैर धुमसत होते. १९०६ च्या उन्हाळ्यात बल्गेरियातील ग्रीकांविरुद्ध दंगली उसळल्या, त्यांच्या शाळा आणि चर्च ताब्यात घेतली गेली. पहिल्या महायुद्धानंतर नोव्हेंबर १९१९ मध्ये नॉयी येथील तहाबरोबर दोन्ही देशांत अल्पसंख्याकांच्या 'ऐच्छिक' अदलाबदलीचा करार झाला. तो ऐच्छिक किती होता हे १९२० च्या दशकात उघड झाले. तिकडून ग्रीक थ्रेस आणि मॅसिडोनियातील बल्गेरियन निर्वासित आले, इकडून स्तानिमाकाचे ग्रीक गेले. फाळणीचे साहित्य शिकवणाऱ्यांना या चित्राचे तपशील भरून घ्यायला अडचण पडणार नाही. वेली जागच्या जागी राहिल्या. त्यांची छाटणी कोणत्या महिन्यात किती डोळ्यांवर करायची, कोणत्या उताराचे द्राक्ष केव्हा उतरवायचे, हे माहीत असलेले हात निघून गेले.

त्याआधी एक आघात निसर्गाकडून झालाच होता. फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड १८८४ मध्ये वायव्येकडील विदीन भागात दिसली आणि पुढील काही दशकांत जुने मळे तिने संपवले. अमेरिकन खुंटावर स्थानिक वाणाचे कलम करणे हा एकच उपाय होता. आज 'प्राचीन थ्रेशियन' म्हणून मिरवणारी माव्रुदची वेल जमिनीखाली अमेरिकन आहे, हे लेबलवाल्यांनी छापले तर आम्हांला गंमत वाटेल. पामीद हे हलके, रोजच्या पिण्याचे द्राक्ष कीड येण्यापूर्वी सर्वत्र होते. नव्या लागवडीत ते मागे पडत गेले. रुबीन तर १९४४ मध्ये प्लेवेनच्या संशोधन संस्थेत नेब्बियोलो आणि सिरा यांच्या संकरातून तयार केलेले. त्यालाही आता यादीत 'स्थानिक' म्हणतात, आणि आमचा त्याला आक्षेप नाही. ऐंशी वर्षे एका मातीत राहिल्यावर आणखी काय करायचे त्याने?

१९४४ नंतर साम्यवादी राजवट आली. १९४७ अखेर उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले, वाइनचे सर्व कारखाने 'विनप्रोम' या सरकारी व्यवस्थेखाली गेले आणि जमिनी सामूहिक शेतीत. आजच्या लेबलांना हा काळही नको असतो, पण अलिप्तपणे पाहिले तर बल्गेरियन वाइन जगाला माहीत झाली ती याच काळात. मोठ्या सपाट शेतांत यंत्रांनी मशागत करता येईल अशी कॅबरने आणि मर्लोची लागवड झाली. १९७० च्या दशकात पेप्सी कंपनीला तिच्या पेयाच्या अर्काच्या बदल्यात घेण्याजोगा माल हवा होता. तिने वाइन पत्करली आणि कॅलिफोर्नियातील तंत्राची ओळख करून दिली. शीतयुद्धाच्या ऐन भरात समाजवादी द्राक्ष आणि भांडवलशाही सरबत यांचा हा विवाह! १९८० च्या दशकात ब्रिटनमधील मध्यमवर्गाच्या जेवणात स्वस्त आणि भरवशाची बल्गेरियन कॅबरने रुळली होती. यापेक्षा किती तरी अधिक माल सोव्हिएत संघात जात असे. १९८५ मध्ये गोर्बाचेव यांनी मद्यपानविरोधी मोहीम सुरू केली आणि ती बाजारपेठ एका झटक्यात आटली. बल्गेरियात मळे उपटले गेले. क्रूमचा हुकूम खरा की खोटा, या वादापेक्षा हे उपटणे अधिक निश्चित आहे; त्याची आख्यायिका मात्र कोणी रचली नाही.

याच राजवटीने संत त्रिफोनचा सण टिकवला, हीदेखील नोंद घ्यावी. फेब्रुवारीत वेलींची पहिली छाटणी करायची, छाटलेल्या जागेवर वाइन शिंपडायची आणि एकाला 'राजा' निवडून मिरवायचे, असा हा 'त्रिफोन झारेझान'. सरकारने संताला बाजूला सारले आणि त्याचा 'द्राक्षबागाईतदारांचा दिन' केला. शेतकऱ्यांनी छाटणी तशीच चालू ठेवली.

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. १९९१ च्या कायद्याने शेतजमिनी पूर्वीच्या मालकांच्या वारसांना परत मिळू लागल्या. न्याय म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. परंतु चार दशकांत वारस शहरांत गेले होते, एका शेताचे दहा वाटेकरी झाले होते, आणि द्राक्षवेलीला वाटण्या मानवत नाहीत. मळे पडीक पडले. रात्रीत द्राक्षे चोरीला जातील या भीतीने ती अपक्वच तोडली जात, असे त्या दशकाविषयी सांगतात. माव्रुदसारख्या उशिरा पिकणाऱ्या वाणाचे यात काय झाले असेल त्याची कल्पना करावी. कारखाने खाजगी झाले, काही बुडाले. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आला. त्याच्या आगेमागे नवे गुंतवणूकदार आले, आणि आज प्लोव्दिवच्या आसपास ब्रेस्तोवित्सा, उस्तिना, पर्वोमाय अशा ठिकाणी जे नीटनेटके वाइनचे मळे दिसतात त्यांतील पुष्कळसे या काळातले आहेत. एकाने नाव घेतले आहे झाग्रेउस, म्हणजे डायोनायससचे एक रूप. पझार्जिकजवळील दुसऱ्याने बेस्सी या थ्रेशियन जमातीचे. स्तारोसेल येथे २००० मध्ये टेकाडाखाली दगडी थ्रेशियन देवालय सापडले आणि त्याच गावाच्या नावाने वाइनचे संकुल उभे राहिले. नावांचा हा ओढा आम्हांला समजतो. जवळचा भूतकाळ भांडणांनी भरलेला असला की माणसे दूरचा भूतकाळ निवडतात. तेथे कोणी हक्क सांगायला येत नाही.

या सर्वांपासून अलिप्त असे एक ठिकाण शहरात ठिकठिकाणी आहे : सुट्या वाइनचे दुकान. पिंपातून किंवा टाकीतून लिटरच्या मापाने वाइन घ्यायची आणि सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत न्यायची. लेबल नाही, कथा नाही. विचारले तर दुकानदार द्राक्षाचे आणि गावाचे नाव सांगतो आणि थोडी चाखायला देतो. पुष्कळ घरे तर हेही विकत घेत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षे आणून तळघरात स्वतःची वाइन करतात, उरलेल्या चोथ्याची रकिया गाळतात आणि आपलीच उत्तम असे छातीठोकपणे सांगतात. कापानातील बारमध्ये आम्ही जी माव्रुद घेतली ती निःसंशय सरस होती. पण अखंड परंपरा कशाला म्हणायचेच असेल तर ती या बेनाव बाटल्यांत शोधावी लागेल.

वाझोवांचा उल्लेख वर केला आहे. ते १८८० मध्ये प्लोव्दिवला आले. 'विस्मृतांचे महाकाव्य' या अर्थाच्या नावाची त्यांची काव्यमाला येथेच लिहिली गेली. तीतील 'कोचो' ही कविता पेरुश्तित्साच्या संरक्षणाविषयी आहे. १८७६ च्या एप्रिल उठावात पेरुश्तित्साचे लोक चर्चमध्ये कोंडले गेले आणि शरण जाण्याऐवजी कोचो चेस्तिमेन्स्कीने आपल्या बायकोमुलांना आणि मग स्वतःला संपवले. हे गाव प्लोव्दिवच्या नैर्ऋत्येला आहे, ब्रेस्तोवित्सा आणि उस्तिना यांच्या शेजारी, त्याच द्राक्षांच्या उतारावर. वाइनसाठी या बाजूला येणारा पर्यटक चर्चच्या भग्न भिंतींजवळून जातो. वाझोवांच्या 'जोखडाखाली' या कादंबरीतील एका प्रसिद्ध प्रकरणाचे शीर्षक 'एका राष्ट्राची धुंदी' असे आहे. तेथे कोणी प्यालेले नाही. उठावापूर्वी एका सावध, हिशेबी समाजाला जे वेड लागले त्यासाठी लेखकाला नशेखेरीज दुसरे रूपक सापडले नाही. ख्रिस्तो बोतेव या कवीने मात्र त्याच काळात उलट बाजू दाखवली. १८७५ च्या त्याच्या संग्रहातील 'मेहान्यात' ही कविता प्याल्यावर शूर होणाऱ्या आणि उतरल्यावर सारे विसरणाऱ्या देशभक्तांवर आसूड ओढते. बोतेव पुढच्याच वर्षी लढताना मारला गेला, म्हणून त्याला हे बोलण्याचा अधिकार होता असे बल्गेरियन वाचक मानतात.

मराठी वाचकाच्या मनात येथे 'एकच प्याला' येणे अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या या नाटकाने आपल्या साहित्यात प्याल्याला जो अर्थ दिला तो आजही पुसला गेलेला नाही : प्याला म्हणजे घराचा नाश, सिंधूचे अश्रू. बल्गेरियन साहित्यात बोतेव आहे तसा एलिन पेलिनही आहे. त्याच्या 'मठातील द्राक्षवेलीखाली' (१९३६) या कथामालेत फादर सिसोय नावाचा वृद्ध संन्यासी वाइनचा प्याला समोर ठेवून पापी आणि संत यांच्या गोष्टी सांगतो, आणि त्याची सहानुभूती बहुधा पाप्यांकडे झुकते. मद्यासमोर बसलेला धर्मपुरुष, आणि तो ना पतित ना ढोंगी, अशी व्यक्तिरेखा मराठीत रचता आली असती काय? आम्हांला ती अवघड वाटते. द्राक्ष जिथे धर्मविधीत आहे, शेतात आहे आणि तळघरात आहे, तिथे ते साहित्यात निव्वळ व्यसन म्हणून येत नाही.

जुन्या शहरातील टेकडीवर हिंदलियान नावाचे एकोणिसाव्या शतकातील घर आहे. मालक आर्मेनियन व्यापारी. त्याचा व्यापार हिंदुस्थानपर्यंत चाले म्हणून हे आडनाव पडले, असे सांगतात. भिंतीतील कारंजातून गुलाबपाणी वाहत असे. नोव्हेंबरअखेर नव्या वाइनचा उत्सव भरतो, तेव्हा टेकडीवरची अशी जुनी घरे उघडली जातात आणि दालनांत मळेवाले आपापल्या बाटल्या मांडतात. ही घरे ग्रीक, आर्मेनियन आणि बल्गेरियन व्यापाऱ्यांनी बांधली. त्यांचे रंग, छत, खिडक्या यांचे वर्णन माहितीपत्रकांत सविस्तर असते.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही बारमधील तरुणाला स्तानिमाकाच्या ग्रीकांविषयी विचारले. त्याला ठाऊक होते. त्याचे आजोळ असेनोवग्रादचे आणि आजीचे घराणे ग्रीसमधून आलेल्या निर्वासितांचे. 'घर आम्हांला मिळालं तेव्हा तळघरात पिंपं तशीच होती, असं आजी सांगायची,' तो म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे वळला. तिकडे गेलेल्यांपैकी काही जण ग्रीसच्या उत्तरेला, नाऊसा परिसरात स्थायिक झाले. त्यांच्या गावाचे नाव स्तेनिमाखोस. ते आजही आहे. त्या भागात वाइन होते ती क्सिनोमाव्रो या द्राक्षाची. नावाचा अर्थ 'आंबट काळे'.